जीपमधून दिसलेली ज्वारी

ढोमणे साहेब शेतात उतरत नसत. पिकांचा अंदाज काढणाऱ्या आमच्या नागपूरच्या कार्यालयातले ते वरिष्ठ अधिकारी, आणि काळ्या मातीचं त्यांना भारी वावडं. जीप बांधाशी थांबे, साहेब मान बाहेर काढत, ज्वारीवर एक नजर टाकत आणि "बारा आणे!" असं जाहीर करून मान आत घेत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. ते त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. मी उतरू लागलो की म्हणत, "काहून उतरून राहिला गा? पीक जीपमंदूनच दिसते. खाली निस्ते बूट भरते."

अशा माणसाला परदेशवारी न घडली तरच नवल. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस यादवी युद्धाने पोखरलेल्या एका देशात धान्य किती पिकलं, लोकांना ते पुरेल का, हे पाहायला एका परदेशी संस्थेला जाणकार हवे होते. तिथेही ज्वारीच पिकते, म्हणून साहेबांची निवड झाली. आकडेमोडीला आणि बॅगा उचलायला मी. साहेबांनी रामदासपेठेत नवा सूट शिवून घेतला. उपाशी लोकांचं धान्य मोजायला सूट कशाला, हे विचारायची छाती कोणाची?

तिथल्या एका खोऱ्यात ज्वारी खरोखरच दृष्ट लागण्याजोगी उभी होती. साहेब खिडकीतूनच हरखले. "पाह्य, सोळा आणे! आपल्या नरखेडात बी अशी नाही."

रस्त्याकडेला एक बाई चुलीवर कसलासा रानपाला शिजवत होती. समोर एवढं पीक आणि भांड्यात पाला? मी उतरलो. दुभाष्याने तिचं बोलणं सांगितलं: पेरणीनंतर सैनिकांनी शेतांत सुरुंग पुरले होते. नवरा कणसं खुडायला गेला, तो परत आलाच नाही. "तुमचा साहेब जे बघतोय, ते आम्हीही रोज बघतोच," ती म्हणाली.

मी जीपशी धावलो. "साहेब, या शेतात कोणाला पाऊलही टाकता येत नाही. ही ज्वारी हिशेबात धरू नका, नाहीतर यांच्या मदतीच्या गाड्या बंद होतील."

"आपण पीक मोजाले आलो गा, वाट नाही. उभं हाये ना? मंग झालं."

खोरं स्वयंपूर्ण ठरलं. गाड्या दुसरीकडे वळल्या. इकडे नागपुरात साहेबांचा सत्कार झाला आणि त्या ज्वारीच्या वर्णनाला टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला आजही चीड येते.

निवृत्तीनंतर साहेब नरखेडच्या आपल्या संत्र्याच्या बागेत रमले. पुढे वाटणीवरून भावाशी बिनसलं आणि कोर्टाची मनाई आली. निकालापर्यंत फळाला कोणीही हात लावायचा नाही. मी भेटायला गेलो तेव्हा साहेब कुंपणाबाहेर उभे होते. आत झाडाखाली संत्र्यांचा सडा, त्यावर माशा घोंगावत होत्या.

"सारी बाग लदून हाये गा," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "अन् नातवाले द्याले एक संत्रं नाही. डोळ्यासमोर सडून राहिलं सारं."

मी बागेकडे नीट बघून घेतलं. "साहेब, सोळा आणे!"

त्यांना काही आठवलं की नाही, देव जाणे. पिशवी झटकत म्हणाले, "जाऊ दे, बाजारातून घेतो डझनभर," आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागले.

त्या बाईच्या खोऱ्यात बाजार नव्हता. गाड्या येत होत्या, त्या यांनी बंद केल्या.