मोठ्या शनिवारचं मीठ

उपासाच्या बाबतीत माझ्या सासूबाई पाद्रीबाबांच्याही पुढे असायच्या. आसिमिना त्यांचं नाव. बुधवारी आणि शुक्रवारी त्यांच्या स्वयंपाकघरात तेलाची बाटली कपाटाबाहेर यायची नाही. मसूर नुसत्या पाण्यात शिजायचे, सोबत तमालपत्र आणि लसूण, वाढल्यावर वरून व्हिनेगरची धार. आमच्या आम्फिसा गावात जिकडे बघावं तिकडे ऑलिव्हची झाडं. तिथे राहून बिनतेलाचं खायचं म्हणजे विहिरीच्या काठावर तहानेनं मरायचं, असं माझा नवरा म्हणायचा. त्यांच्यासमोर नाही, अर्थात.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. सूप करायला त्यांनीच शिकवलं. पांढऱ्या घेवड्याचं पहिलं पाणी ओतून द्यायचं. टोमॅटो घेवडा मऊ झाल्याशिवाय घालायचा नाही, नाहीतर दाणे हट्टाला पेटतात. "तुझ्यासारखे," त्या म्हणायच्या. चव बघताना डावातला थेंब तळहातावर घ्यायचा. माझं मीठ चुकलं की, "जीभ आहे की चपलेचा तळ?"

त्यांचं स्वतःचं मीठ कधी चुकायचं नाही. पण ईस्टरच्या आदल्या दिवशी, मोठ्या शनिवारी, त्यांना चवच बघता यायची नाही. त्या दिवशी मायिरित्सा करतात. कोकराचं काळीज, फोपसं, उलटीपालटी करून धुतलेली आतडी, पातीचा कांदा, ढीगभर शेपू, मूठभर तांदूळ, आणि शेवटी अंडं-लिंबू फेटून. चर्चमधून येऊन याच सुपानं उपास सोडायचा. म्हणजे करायचं दुपारी आणि खायचं रात्री. सगळे उपासाचे आठवडे मांस, अंडं, दूध न शिवलेल्या बाईनं शेवटच्या दुपारी डाव चाटायचा कसा?

आमच्याकडे या कामासाठी लाम्ब्रोसमामा होते, सासूबाईंचे धाकटे भाऊ. आई गेल्यावर त्यांनीच वाढवलेले. मामा पक्षाचे माणूस, देवाधर्माचं नाव नाही, भर उपासात कॅफेत बसून सॉसेज खायचे. बहिणीनं वर्षभर त्यावरून त्यांचा उद्धार करायचा आणि मोठ्या शनिवारी खिडकी उघडून ओरडायचं, "लाम्ब्रो! मीठ!"

समोरच्या कॅफेत हशा पिकायचा. "जा कॉम्रेड, चर्चला तुझी गरज पडली!"

मामा जिना चढून यायचे. जन्मभर चामड्याच्या कारखान्यात काम केलेलं. नाक कामातून गेलं, पण जीभ शाबूत आहे, असं म्हणायचे. डाव घेऊन डोळे मिटायचे.

"ताई, हे सूप आहे का समुद्र?"

"नीट सांग मेल्या, थट्टा नको."

"तांदूळ घाल थोडा. आणि मला अजून एक डाव दे, नीट कळलं नाही."

त्यांची बायको मेर्सिना टेबलाशी बसून शेपू चिरत असायची आणि गालातल्या गालात हसायची. तिचं मूल पोटात राहायचं नाही. दोनदा ती पाचव्या महिन्यापर्यंत गेली होती, हे मला सासूबाईंनीच सांगितलं होतं, आवाज खाली आणून.

माझे सासरे गेले त्या हिवाळ्यानंतरचा मोठा शनिवार. सासूबाई काळ्या कपड्यांत, निम्म्या झालेल्या. मामांनी डाव तोंडाला लावला, बहिणीकडे बघितलं. त्यांना बहुधा तिची दया आली असावी, पण दया त्यांना थट्टेशिवाय दाखवता यायची नाही.

"एवढे उपास केलेस ताई," ते म्हणाले, "त्या तुझ्या देवानं तुला दिलं तरी काय?"

"मुलगा दिला," सासूबाई ताडकन म्हणाल्या. "तुझ्या घरात पाळणा का हलला नाही, ते त्यालाच जाऊन विचार."

मेर्सिनाची सुरी थांबली. तिनं ती चिरायच्या फळीवर आडवी ठेवली, हात धुतले, एप्रन काढला, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मामांनी डाव परत पातेल्यात सोडला.

"चिमूटभर मीठ लागेल अजून," ते म्हणाले, आणि दोघं जिना उतरून गेली.

सासूबाई पातेलं ढवळत राहिल्या. मी म्हटलं, "आई, जा ना, थांबवा त्यांना." त्या म्हणाल्या, "तू लिंबं पीळ."

पुढच्या वर्षी सूप तयार झाल्यावर त्यांनी खिडकी उघडली. मामा कॅफेत नेहमीच्या खुर्चीवर होते. पेपर हातात, पण तोंड वर, आमच्याच खिडकीकडे. सासूबाईंनी श्वास घेतला. मग टेबलावरची चादर उचलली, खिडकीबाहेर झटकली आणि खिडकी लावून घेतली.

"मी खाली जाऊन बोलावू?"

"खबरदार. बहिणीचं घर आहे, त्याला पायऱ्या माहीत नाहीत का?"

त्या वर्षी सूप अळणी झालं. माझ्या नवऱ्यानं मिठाची बाटली हळूच ओढून घेतली, ते सासूबाईंनी पाहिलं.

त्यानंतर दरवर्षी तेच. कधी अळणी, कधी खारट. मी गरोदर असताना डॉक्टरांनी मला उपास करू दिला नव्हता. मी म्हटलं, मी बघते चव. तर म्हणाल्या, "गरोदर बाईला कोळसासुद्धा गोड लागतो." कॅफेत मामांची खुर्ची आता आतल्या बाजूला गेली होती. रस्त्यात भेट झाली की दोघं मान हलवायची. मेर्सिना तर आमची गल्ली टाळूनच बाजारात जायची.

एकदा घेवडा निवडताना मी विषय काढला. "एक शब्द टाका ना तुम्हीच, आई. तुम्ही मोठ्या."

"टाकला होता ना एक," त्या म्हणाल्या. "तोच उचलता येत नाही." आणि एक खडा चिमटीत धरून उगीचच बघत बसल्या.

मग बेकरीत कळलं की मामांना लामियाच्या इस्पितळातून घरी आणलंय. हृदय थकलंय, डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलंय. सासूबाई पाव न घेताच घरी आल्या.

त्या वर्षी मोठ्या शनिवारी मीठ घालायच्या आधीच त्यांनी चार डाव छोट्या पातेल्यात काढले, त्यात अंडं-लिंबू घातलं. काळी ओढणी बांधली. मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. माझा हात हलतो, सांडेल." चढावर दोनदा थांबल्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होत्या, परीक्षेला निघालेल्या पोरीसारखं.

दार मेर्सिनानं उघडलं. "या, बसा ना. कॉफी घ्याल? बिनदुधाची करते, उपास असेल."

मामा खिडकीशी आरामखुर्चीत होते, गुडघ्यांवर चादर. खांदे कुठे गेले कळेना. सासूबाईंनी स्टूल ओढलं, पातेल्याचं झाकण काढलं आणि चमचा त्यांच्या हातात दिला. ते जेवले. एक चमचा, मग दुसरा. मी वाट बघत होते, आता म्हणतील, हे सूप आहे का भांडी धुतलेलं पाणी.

"कसं आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"छान आहे."

"आणि मीठ?"

"बरोबर आहे. अगदी बरोबर." त्यांनी रुमालानं ओठ टिपले. "उगाच त्रास घेतलास, ताई. एवढा चढ चढून यायचं म्हणजे."

त्यात मिठाचा कण नव्हता.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग मेर्सिनाकडे. ती कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. सासूबाईंचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील.

"शेपू यंदा कडू निघालाय," त्या म्हणाल्या.

"हो ना," मेर्सिना म्हणाली, "पाऊसच झाला नाही."

परतताना उतारावर त्या मध्येच थांबल्या. "त्याला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "जीभ शाबूत आहे त्याची. मला बरं वाटावं म्हणून बोलला. परक्या बाईला बोलतात तसं."

"परत जाऊ या का?"

"उद्या जाईन. उद्या त्याचा नावदिवस." आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा, आणि लाम्ब्रोस नावाच्या माणसाचा तो ईस्टरलाच येतो. मामा त्यालासुद्धा आईबापांनी केलेला कट म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा खोली कॅफेतल्या मित्रांनी भरलेली होती. मामांनी हात वर करून सगळ्यांना सांगितलं, "ही माझी बहीण. सूप फार छान करते." मेर्सिनानं सासूबाईंना दारापाशी खुर्ची दिली, काचेच्या बशीत चेरीचा मुरांबा आणि पाणी दिलं. त्यांनी चमचाभर खाल्लं. "आयुष्य वाढो तुझं, लाम्ब्रो," म्हणाल्या. मित्र गाणी म्हणत होते, टाळ्या देत होते. त्या पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. मेर्सिना जवळून गेली की पाठ सरळ करायच्या, आणि ती पुढे गेली की परत वाकायच्या.

मित्र उठले तेव्हा त्याही उठल्या. जून संपायच्या आत मामा गेले.