वरच्याने ओरडायचं

नवऱ्याला मी समोर 'तुम्ही' म्हणते. इथे मात्र 'तो' लिहिणार आहे. तेवढी मुभा घेते.

ईदनंतर त्याने दोन दिवस दुकान बंद ठेवलं. मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघून पालीच्या बाजूची एक नाळ त्याच्या डोक्यात भरली होती. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ. पावसाळ्यात तिथून पाणी कोसळतं, एरवी माणसं चढून घाटमाथ्यावर जातात. "आयुष्यात कधी गेलीस का कुठे?" तो म्हणाला. नेलं कुणी नाही, हे मी तोंडातच ठेवलं. त्याने स्वतःसाठी रोह्यातून नवे बूट आणले. माझ्या जुन्या सँडल त्याला चांगल्या वाटल्या.

वाट दाखवायला पायथ्याच्या गावातले साठीचे एक मामा घेतले. नाळेच्या तोंडाशी त्यांनी आम्हाला थांबवलं. "दगुड कुनाच्या बी पायाखालनं सुटतो. त्येला कोन नावं ठेवत न्हाय. पन सुटला का वरच्यानं वरडायचं, म्हंजी खालचा कड्याला चिकटतो. वरडला न्हाय, तर मंग दोष त्याचा."

आत शिरलो आणि आकाश ओढणीएवढं उरलं. दोन्ही बाजूंनी काळे कडे आणि मध्ये धोंडेच धोंडे, काही तर आमच्या दुकानाएवढे. नवऱ्याने गंमत म्हणून मला हाक मारली. ती कड्यांवर आपटून तीनदा परत आली. लहानपणी माझा डावा कान फुटला आणि कायमचा गेला, पण ती हाक मला सगळीकडून ऐकू आली. मी हसलेसुद्धा. जागा सुंदर होती, हे मी नाकारत नाही.

या कानावरच आमचा संसार चालला आहे. पाहुण्यांचा निरोप असो की गॅसचा सिलिंडर, काहीही राहिलं की नवरा म्हणतो, "मी सांगितलं होतं, तुला ऐकू आलं नाही." सासरचे माना डोलावतात. मीही डोलावत आले. अकरा वर्षांपूर्वी माझ्या भावाने श्रीवर्धनहून दुपारी दुकानात फोन केला होता. अब्बांचं काही खरं नाही, हिला लगेच पाठवा. आगरदांड्याहून खाडीपलीकडे दिघीला जाणारी संध्याकाळची लाँच मला सहज मिळाली असती. मी पोचले दुसऱ्या दिवशी, अब्बा गेल्यावर. अंधार पडेपर्यंत ते दाराकडे बघत होते, एवढं भावाने सांगितलं आणि त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. नवरा म्हणाला, मी घरी येऊन सांगितलं होतं, तुला ऐकू आलं नाही. मी माझ्या कानाला शिव्या दिल्या. दुसऱ्या कुणाला द्याव्यात हे सुचलंच नाही.

नाळेत अर्ध्या वाटेवर नवरा माझ्या वर होता, एका हातात मोबाईल धरून शूटिंग करत. मामा त्याच्याही वर. खडखड ऐकू आली तोवर दगड माझ्या खांद्यावर बसला होता. नारळाएवढा होता. चार बोटं अलीकडे पडता तर डोकंच गेलं असतं.

मामा भराभर खाली आले आणि खांद्यावरच्या पंच्याने माझा हात गळ्यात बांधू लागले.

"मी ओरडलो होतो," नवरा वरूनच म्हणाला. "हिला ऐकू येत नाही ना."

मामांनी गाठ मारली. "हितं वरडलेलं तीनदा ऐकू येतं, साहेब."

"तेच म्हणतोय मी," नवरा म्हणाला आणि बुटांवरची धूळ झटकू लागला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला राग आला नव्हता अजून, लाज वाटली. आम्ही तिथूनच मागे फिरलो. उतरताना खांदा ठणकत होता, पण माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळची ती लाँच होती. ती माझ्याशिवाय दिघीला गेली होती.

गाडीत तो वाटेतच फोनवर माझ्या नणंदेला सगळं सांगून मोकळा झाला. ओरडलो, पण हिचा कान. पलीकडून ती हळहळली, बहुधा आपल्या भावासाठीच. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अब्बांसाठी माझ्या भावाचा फोन आला होता, तेव्हा तुम्ही मला खरंच सांगितलं होतं?"

त्याने गिअर बदलला. मी डाव्या सीटवर बसले होते, म्हणजे माझा चांगला कान त्याच्याकडे होता. इतक्या वर्षांत हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

"दुकानात गर्दी होती," तो पुटपुटला. "राहून गेलं असेल."

"मोठ्याने बोला," मी म्हणाले.

त्याने आवाज चढवला. "सांगितलं होतं म्हणतोय! तुला ऐकू आलं नाही."

मी पंच्यातला हात सावरला आणि दुसऱ्या हाताने भावाचा नंबर लावला.