थापड खायची नोकरी

दादासाहेबांची थापड डाव्या कानावर बसली आणि मी काउंटरवर आपटलो. कानात बारीक शिट्टी सुरू झाली. समोर त्यांचं तोंड नुसतंच हलताना दिसत होतं.

मी काय बोललो होतो? एवढंच, की साहेब, हा ॲम्प्लिफायर अमेरिकेत घेतलेला आहे, त्याची वॉरंटी तिकडंच चालते, इथं दुरुस्त करायचा तर खर्च तुमचा. आदबीनं बोललो होतो. नियम कंपनीचा. मी केलेला नाही.

जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं, आमचं सर्व्हिस सेंटर. स्पीकर, ॲम्प, होम थिएटर. दादासाहेब म्हणजे विमानतळाकडची जमीन विकून आणखी मोठे झालेले बागायतदार. लेक अमेरिकेत. तिनं पाठवलेला ॲम्प त्यांनी वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांसमोर थेट भिंतीतल्या बोर्डात खुपसला. तिकडची वीज कमी दाबाची, इकडची दुप्पट. भसकन धूर निघाला. पाहुणे हसले असणार. तो राग घेऊन ते आले होते, आणि राग उतरवायला कुणीतरी हवं होतं.

त्यासाठीच तर मी होतो.

सांगताना आजही तोंड कडू होतं, पण सांगतो. परदेशात घेतलेलं सामान आमच्याकडं कायम यायचं. कुणाचा मेव्हणा दुबईत, कुणाचा पोरगा सिंगापुरात. इथं वॉरंटी नाही म्हटलं की गिऱ्हाईक भडकायचं. मग आमचे मालक, शेठ, आतल्या केबिनमधून यायचे, सगळ्यांसमोर मला आईवरून शिवी घालायचे आणि एक थापड ठेवून द्यायचे. "माफी माग साहेबांची!" मी हात जोडायचो. गिऱ्हाईक गार पडायचं. तेच वर म्हणायचं, जाऊ द्या शेठ, गरीब आहे. मग चहा यायचा आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करून घ्यायला तयार व्हायचं. ते गेलं की शेठ डोळा मारायचे. "लागलं नाय ना रं?"

नाय, म्हणायचो मी. वर हसायचो.

माझ्या शेजारी त्याच काउंटरवर महेश बसायचा. माझ्याच वयाचा, माझ्याच कामाचा, पण मोठ्या जमीनदार घरचा. वॉरंटी नाही हे तोही सांगायचा. त्याच्यावर कुणी भडकलं तरी शेठ बाहेर येऊन मलाच पुढं ओढायचे. बोलणार तो, थोबाडीत माझ्या. हे मला खटकलं कसं नाही, याचीच आता जास्त चीड येते.

खटकणार कुठून? मी धनगराचा. आमची मेंढरं सिल्लोडकडच्या रानांत फिरतात. पीक निघालं की बागायतदार स्वतः आबांना, म्हणजे माझ्या बापाला, सांगावा धाडतो: ये, वावरात मेंढरं बसव, खत होऊ दे. आणि त्याच्याच कपाशीला एखाद्या मेंढीनं तोंड लावलं की तोच काठी घेऊन धावतो. आबा पळायचे नाहीत. पुढं जाऊन पाठ द्यायचे. माणसाच्या पाठीवर राग निघाला की मेंढरं कोंडत नाहीत, एवढं साधं गणित. आई त्या पाठीला हळद-तेल चोळायची. मी ते बघत मोठा झालो. मार खाणं हा धंद्याचाच भाग, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या दिवशी मात्र शेठनी स्वतः मारलं नाही. बाहेर आले, दादासाहेबांना बघितलं आणि बाजूला सरकले. "घ्या दादासाहेब. तुमच्याच हातानं समज द्या त्याला."

मग ती थापड. मग दुसरी. मग मान धरून मला फरशीवर बसवलं आणि बुटाची लाथ बरगडीत घातली. "मेंढरं वळायची लायकी, अन् मला नियम शिकवतो व्हय रं?" बाकावरची गिऱ्हाइकं मोबाइल काढून उभी राहिली. महेश स्क्रूच्या डबीत काहीतरी शोधत बसला.

"उचल ह्यो," दादासाहेब जळक्या ॲम्पकडं बोट करून म्हणाले. "डोक्यावर घे. गाडीपत्तोर चल. रस्त्यावरच्यांनाबी दिसू दे."

कानातून काहीतरी ओलं मानेवर उतरत होतं. मी शेठकडं बघितलं.

"शेठ, मीच का? महेशला का नाय कधी?"

शेठ वाकले. अगदी समजुतीच्या सुरात बोलले. शिव्यांपेक्षा तो सूर जास्त जाळतो.

"येडा का रं तू? त्याला हात लावला तर त्याचं गाव गाड्या भरून येईल. तुझ्यामागं कोन येनार हाय? उचल."

मी उचलला. दोन्ही हातांनी, डोक्याच्याही वर. आणि दादासाहेबांच्या पायांपुढं आपटला. फरशी तडकली. ॲम्पच्या ठिकऱ्या झाल्या. दादासाहेब मागं सरकले, चक्क घाबरून. मोठा माणूस मला भिऊन मागं सरकतो, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

"मी येनार हाय!" मी ओरडलो. "माझ्यामागं मीच!"

त्यांचा हात पुन्हा उठला. मी मनगट धरलं आणि पिरगळलं. ते किंचाळले. मग त्यांचा ड्रायव्हर आणि शेठ, दोघांनी मिळून मला तुडवलं. पुढचा दात पडला. पण हात जोडले नाहीत. तसाच रक्ताच्या शर्टानं ठाण्यात गेलो आणि तक्रार लिहून दिली. डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटलाय.

पुढच्या आठवड्यात शेठ माझ्या मुकुंदवाडीच्या खोलीवर आले. एकटे नाही. गावाहून आबांना गाडीत घालून आणलं होतं.

"तक्रार मागं घे," शेठ म्हणाले. "दादासाहेबबी झालं गेलं इसरतील. न्हाईतर त्यांच्या सोयऱ्यांची रानं तुमच्या मेंढरांना बंद."

मी नाही म्हटलं.

आबांनी शेठकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळे भरलेले. आणि त्यांनी हात उगारला. माझ्यावर. शेठच्या देखत. मला लगेच कळलं. पोराला आपणच मारलं की मोठ्या माणसाचा राग उतरेल, मेंढरं वाचतील. शेठ रोज करायचे तेच माझा बाप करायला निघाला होता, फक्त रडत.

मी तो हात हवेतच धरला. काठी धरून घट्टे पडलेला हात.

"आबा," मी म्हटलं, "तुमचाबी नाय."

बापाचा हात धरणं आमच्यात पाप. मी ते केलं. शेठ उठून गेले. आबा त्याच दुपारच्या गाडीनं गावी गेले. ती रानं बंद झाली. निम्मी मेंढरं विकावी लागली, आणि आई फोनवर रडते की तुझ्यामुळं झालं. माझ्यामुळंच झालं. मी नाकारत नाही.

तक्रार मागं घेतलेली नाही. घेणार नाही. दादासाहेबांना आणि शेठना कोर्टात माझ्यासमोर उभं राहावं लागेल, आणि बाकावरच्या ज्यांनी मोबाइल काढले होते त्यांनाही मी एकेक करून शोधून आणणार आहे. माझ्या अंगावर उठलेला हात मी धरणार, कुणाचाही असो. धरूनही खाली आला नाही, तर मोडणार.