अर्थिंगचा खड्डा

लग्न होऊन मी जामखेडला आले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच अर्थिंगचा खड्डा होता. विजेचा झटका घरात न शिरता तारेवाटे जमिनीत जावा, म्हणून कोळसा नि मीठ भरून तो केलेला. वायरमननं बजावलं होतं, खड्डा कायम ओला ठेवा. पण पाणी टँकरचं. ते मातीत ओतणं सासऱ्यांच्या जिवावर यायचं. मग घरातले झाडून सगळे पुरुष तिथंच लघवीला उभे राहू लागले. आलेल्या पाहुण्यांनाही सासरे कौतुकानं तिकडंच पिटाळायचे. त्या भपकाऱ्यात नाकाला पदर लावून मी भाकरी थापायची. शिसारी यायची नुसती. काही बोलले की सासरे म्हणायचे, "टीव्ही वाचतोय न्हवं?"

वळवाच्या एका दुपारी वीज कडाडली आणि टीव्ही जळाला. वायरमननं खड्ड्यातली तार ओढली, तर तुकडा अलगद हातात आला. लघवीनं ती पार सडली होती. त्यानं हाताचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

सासरे म्हणाले, "आता जाड तार टाक. ओलं ठिवायला आमी हाय."