डेझीच्या पिल्लांचा घास

चहा आधी संपवा. तोंडात घोट असताना हा किस्सा ऐकलात तर समोरच्याचा शर्ट जाईल आणि बोल मला लागेल. मी जे करून बसलो ते शहाण्या माणसाने करण्यासारखं नव्हतंच. पण शपथेवर सांगतो, तेव्हा मला वाटत होतं की आपल्यासारखं पुण्याचं काम अख्ख्या पिनरमध्ये कुणी करत नसेल!

आम्ही तेव्हा लंडनच्या पिनर भागात राहायचो. मी सॉफ्टवेअरमध्ये, एक कॉन्ट्रॅक्ट संपून दुसरं सुरू व्हायचं होतं म्हणून घरीच. बायको अनघा बँकेत. मुलगी इरा सहा वर्षांची, जन्म तिथलाच, मराठी जरा मोडकी. आणि शेजारी बार्बरा, शाळेत पीई, म्हणजे खेळ-कवायत शिकवून रिटायर झालेली, अजूनही शिट्टी गळ्यात असल्यासारखी बोलणारी. तिची लॅब्रॅडर कुत्री डेझी व्यायली आणि इराचं टुमणं सुरू झालं, पिल्लू हवं. छातीवर पांढरा ठिपका असलेलं एक तिने मनाशी पक्कं केलं होतं. त्याचं नावही ठेवून झालं होतं, लाडू.

पण बार्बरा पिल्लू असं कुणालाही देईल होय! घर बघणार, माणसं बघणार, मग ठरवणार. मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी. नेमकी तेव्हाच तिची लेस्टरची बहीण आजारी पडली आणि तिला आठवडाभर तिकडे जाणं भाग झालं. इकडे पिल्लांना आईच्या दुधावरून खाण्यावर आणायची वेळ आलेली. ती मला म्हणाली, मी येईपर्यंत पिल्लं डिशमधलं आपलं आपण खायला लागली, तर ठिपकेवालं तुमचं.

काम काय, तर पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करायचं, पसरट डिशमध्ये ओतायचं, डेझीला बागेत काढून काचेचं दार लावायचं. आणि मग? "पुट इट डाउन अँड वॉक अवे." हे तिने दोनदा सांगितलं. मी दोनदा मान डोलावली.

वॉक अवे म्हणे! जो माणूस सहा वर्षांच्या पोरीमागे वाटी घेऊन सोफ्याभोवती फिरतो, त्याला हे जमणार आहे का, तुम्हीच सांगा.

पहिल्या दिवशी डिश ठेवली. एक पिल्लू थेट डिशमध्ये उतरलं. दुसरं त्याच्या अंगावर पडलं. लाडू तर त्या लापशीत ऐसपैस बसला आणि चक्क झोपला. पोटात मात्र कुणाच्या कण गेला नाही. बाहेर डेझी काचेला नाक लावून कुंई कुंई करत होती. इराचे डोळे भरून आले. म्हणाली, "बाबा, लाडू मरणार का?"

संपलं. लाडूला उचललं, मांडीवर घेतलं, बोटावर थोडी लापशी घेतली आणि आपसूक तोंडातून निघालं, "हा घास काऊचा..."

चाटलं हो त्याने! बोटासकट चाटलं! "हा घास चिऊचा," तोही गट्टम. इरा टाळ्या पिटायला लागली. बाकीची पिल्लं लापशी तुडवत माझ्या मांडीवर चढायला लागली. मला इतका आनंद झाला की मी अनघाला बँकेत फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अरे, बार्बराने वॉक अवे सांगितलंय ना?" मी म्हटलं, "अगं, ती पीईची टीचर. तिला काय कळतं आईचं काळीज?"

दुसऱ्या दिवसापासून मी बिनमिठाचा मऊ भातही करायला लागलो. मांडी घालून बसायचं, एकेकाला जवळ घ्यायचं, काऊ, चिऊ, मोर, मैना. माझी जेवणं थंड होत होती, पण पिल्लं कशी टुमटुमीत! आणि भरवून झाल्यावर त्या बिचाऱ्या डेझीला आत घ्यायचो. किती वेळ बाहेर ठेवायचं आईला? ती आत येऊन आधी डिश चाटूनपुसून लख्ख करायची, मग पिल्लांना पाजत पडायची.

संध्याकाळी बार्बराचा फोन. "डिश रिकामी होतेय का?" "स्पॉटलेस!" मी म्हणायचो. खोटं नव्हतं त्यात काही. रोजच्या फोनला मी एकेक रंग चढवत गेलो. किती शिस्तीत खातात, कशी ओळीने बसतात. बार्बरा इतकी खूश झाली की परत यायच्या दिवशी तिने पिल्लं बुक केलेल्या सगळ्यांनाच बोलावून ठेवलं, येऊन बघा म्हणाली.

शनिवारी तिचं किचन भरलं. सगळ्यांच्या हातात चहाचे मग. बार्बराने डेझीला बागेत काढलं, डिश खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. पिल्लं धावत आली, डिश ओलांडून गेली आणि माझ्या बुटांपाशी ओळीने बसली. माना वर. तोंडं उघडी.

माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, "मे बी दे आर नॉट हंग्री."

तेवढ्यात आमचं रत्न बोललं. "बाबा, तू काऊचा घास म्हण ना. मग ते सगळे खातो."

बार्बराने इराकडे वळून विचारलं, काय म्हणालीस? आणि इराने अभिमानाने, अख्ख्या किचनला ऐकू जाईल असं सांगितलं, "डॅड फीड्स देम. वन फॉर द क्रो, वन फॉर द स्पॅरो."

"व्हिच क्रो?" बार्बरा म्हणाली.

आता तिला कुठला कावळा दाखवू? मग डिश कोण रिकामी करत होतं, हा प्रश्न आलाच. सगळ्यांनी काचेबाहेर बघितलं. डेझी पिंपासारखी झाली होती. इरा माझा हात घट्ट धरून उभी होती. लाडू गेला हातचा, असंच तिला वाटत होतं. मलाही. त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू!

बार्बराने काही आरडाओरडा केला नाही. काचेचं दार उघडलं आणि मला बोटाने दाखवलं, बाहेर. गेलो. दार लागलं. आता बागेत मी आणि डेझी.

आत पिल्लं मला शोधत कुंईकुंई करत फिरली. कुणी त्यांच्याकडे बघेना. सगळे चहा पीत गप्पा मारत होते, दगडाच्या काळजाची माणसं! मग लाडू डिशपाशी गेला. हुंगलं. जीभ लावली. परत लावली. आणि बघता बघता सगळी डोकी डिशभोवती! मी बाहेर एकटाच उड्या मारत होतो.

बार्बरा शब्दाला पक्की. लाडू इरालाच मिळाला, पण अट घालून: त्याची डिश इरा ठेवणार आणि तो खात असेपर्यंत बाबा बागेत. अनघाने वर आणखी एक कलम जोडलं, इरालाही तोच नियम. त्या आठवड्यापासून इरा स्वतःच्या हाताने जेवायला लागली, तेही माझ्याहून लवकर.

त्या शनिवारी निघताना बार्बराने माझ्या हातात फडकं दिलं आणि काच पुसायला सांगितली. डेझीच्या नाकाचे डाग असतील म्हणून मी खाली वाकलो. बार्बराने पाहुण्यांसाठी आल्या आल्या पुसलेली काच खाली अजून स्वच्छ होती. दार लागल्या लागल्या डेझी गवतावर जाऊन ढाराढूर झोपली होती. नाकाचा ठसा होता तो बरोब्बर माझ्या उंचीवर.