औशाच्या माळावरचे हिवराचे झाड

लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एका सोमवारी सकाळी, मी औशाच्या रस्त्यालगतच्या माळावरून हिवराचे एक झाड उपटून नांदेडला आणले. ते कांबळे सरांनी स्वतःसाठी राखले होते.

मी नांदेडच्या एका दैनिकात बातमीदार; आदल्या दिवशी तिथून एसटीने निघालो. लोहा, अहमदपूर मागे पडले तरी खिडकीबाहेर हिरवे काही दिसले नाही. लातुरात सरकारी पाट्यांवर ‘जिल्हा’ हा शब्द ताज्या रंगात होता. पाट्यांखाली टँकरसाठी घागरींची रांग होती.

कांबळे सर तिथे शास्त्र शिकवतात. बोन्सायचा नाद आम्हा दोघांना एकाच वर्षी लागला. त्यांच्या गच्चीवर रानातून आणलेली एकोणीस झाडे अंघोळीच्या पाण्यावर जगली होती. माझ्याकडे नळाला रोज पाणी येते. माझी सात मेली. वहिनींनी भाकरी आणि येसर (मसाल्याची पातळ आमटी) वाढले. मी जेवताना गच्चीच्या जिन्याकडे पाठ करून बसलो.

संध्याकाळी सरांनी मला माळावर नेले. झाड गुडघ्याएवढे, बुंधा मात्र मनगटाहून जाड. शेरडांनी (शेळ्यांनी) वर्षानुवर्षे शेंडे खाऊन त्याला आकार दिला होता. माझ्या कात्रीला तो कधी साधला नव्हता. सरांनी भोवती अर्धाच चर खणून पुन्हा बुजवला होता. एका बाजूची मुळे तोडायची, तिथे बारीक मुळे फुटू द्यायची, मग पावसाळ्यात दुसरी बाजू, अशी त्यांची रीत.

दुष्काळात ते तोवर टिकेल का, असे मी विचारले.

“तुम्हाला आजची बातमी उद्या छापायची सवय,” सर म्हणाले. “झाडाला ती न्हाई.”

सोमवारी सर सकाळच्या शाळेत गेले. मी त्यांचीच पहार घेतली आणि भाड्याच्या सायकलने माळ गाठला. तिथे माळालगतच्या वस्तीवरची कासाबाई शेरडे चारत होती.

“काय करून राहिलाव? मास्तरचं झाड हाय ते.”

मास्तरांनीच पाठवले, असे मी सांगितले.

“मग पाणी न्हाई आणलं? मास्तर तर कळशी घिऊन येतेत.”

मी खणत राहिलो. मधले मूळ खोल मुरमात गेले होते; ते पहारीने तोडले. कासाबाईने तिच्या बाटलीतले प्यायचे पाणी मुळांवर ओतले. झाड गोणपाटात बांधून मी दहाची गाडी पकडली.

शुक्रवारी सरांचे कार्ड आले. “कासाबाईने सांगितले. झाड सावलीत ठेवा. ओले पोते गुंडाळा. पाने गळाली तरी हात लावू नका.”

पाने त्याच दिवशी गळाली. एकविसाव्या दिवशी, आत हिरवे उरले आहे का ते पाहायला, मी बुंध्याची साल तीन ठिकाणी खरवडली. तिन्ही ठिकाणी आत कोरडे होते.