आधी चालवून दाखवा

भाव पटला नाही की मी उठून चालू लागतो. चार पावलं गेलो की मागून हाक येते, "अहो शेठ, या तर खरं!" आणि तिथून खरा सौदा सुरू होतो. हातगाडीवर केळी विकणारा मी आज ट्रक भरून केळी दिल्लीला पाठवतो, तो या चार पावलांच्या जोरावर. बुऱ्हाणपुरात मला हाक न मारणारा दुकानदार एकच निघाला. सिंधीपुऱ्यातले एकदाम काका. मी त्यांच्या दुकानातून ताडताड उतरलो, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं थांबलो आणि वळून पाहिलं, तर काका पिवळ्या फडक्यानं काउंटरची काच पुसत होते. माझ्याकडे पाठ करून.

दुकान म्हणजे एक खोली. टॉर्च, रेडिओ, घड्याळाचे सेल, आणि पुढे पुढे खिशात मावणारी गाण्याची मशीनं. दारावर 'एक दाम' अशी पाटी, म्हणून गावानं ते नाव पाडलं. कोणी घासाघीस करू लागलं की काका शांतपणे म्हणत, "भाव स्टिकरवर लिहिलाय शेठ. मीसुद्धा तोच वाचतो." माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून काय होतं, ते ज्यानं बागेत उभं राहून केळीचा भाव पाडलाय त्यालाच कळेल.

मी तिथे गेलो होतो आईपायी. वडील गेल्यावर ती देडतलाईला एकटीच राहायची. मी लोधीपुऱ्यात दुमजली घर बांधलं आणि तिला घेऊन आलो. एवढं नाव कमावलं आणि आई गावात एकटी, लोक काय म्हणतील, हे एक कारण. मला ती घरात हवी होती, हे दुसरं. दुसरं मी कोणाला सांगत नसे. तिला वरची हवेशीर खोली दिली, पलंग दिला. ती खिडकीत बसून रोज एकच विचारायची, "बापू, देडतलाईची मोटर कुठून सुटते रे?"

"तुला एकटीला नाही जमायचं, आई. मी नेईन सवडीनं."

केळीच्या धंद्यात सवड नसते, हे तिलाही ठाऊक होतं.

तिला आठवण यायची ती गावच्या देवळातल्या बायकांच्या भजनाची. म्हटलं, भजनं घरीच आणू. मोबाईलला ती हात लावत नसे. "त्यातून कोणी बी हाक मारते, आन् मंग बोला लागते." तेव्हा मी बाजारातून एक छोटं मशीन आणलं, निम्म्या भावात पाडून. ते पहिल्या दिवशी आईच्या कानात एवढ्या जोरानं किंचाळलं की तिनं ते गादीवर फेकलं. दुसऱ्या दिवसापासून मुकं झालं. विकणारा पोरगा म्हणाला, "सेठ, मोबाइल में ही सुन लो ना." तो राग डोक्यात घेऊन घरी आलो तर बायको म्हणाली, "सिंधीपुऱ्यातल्या काकांकडे जा. आणि तिथे तोंड जरा आवरा."

गल्लीच्या कोपऱ्यावरून परत दुकानात चढणं हा माझ्या आयुष्यातला वाईट प्रसंग आहे. काकांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मी पूर्ण भावाच्या नोटा काउंटरवर आपटल्या. त्यांनी त्या माझ्याकडे सरकवल्या.

"ठेवा खिशात. आधी चालवून दाखवा."

काडेपेटीपेक्षा थोडं मोठं मशीन त्यांनी माझ्या हातात दिलं. मी बटण दाबलं. काही नाही. जोरानं दाबलं. सगळी बटणं दाबली.

"घंटी नाही ती, शेठ."

"खराब माल आहे!" मी ओरडलो.

काकांनी मशीन आडवं धरून कडेची एक बारीक खिट्टी दाखवली. "कुलूप लागलंय. खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून असतं. तुम्ही कुलूप न बघता दार बडवताय."

मी खिट्टी सरकवली, तारेची बोंडं कानात घातली, बटण दाबलं आणि असा दचकलो की कोपरानं दोन टॉर्च खाली पाडले. काकांनी ते उचलून जागेवर ठेवले. "दुसरी गोष्ट. आवाज आधी कमी, मग कानात. आता बंद करून दाखवा."

मी बंद करायला दाबलं की गाणं थांबायचं, परत दाबलं की सुरू व्हायचं. मशीनवरचा उजेड काही जाईना.

"सुरू करणं तर लहान लेकरालाही येतं," काका म्हणाले. "बंद करता आलं म्हणजे मशीन आलं. कोणासाठी घेताय?"

"आईसाठी."

"मग त्यांना आणा. तुम्हाला नाही विकत."

शब्द नीट वाचा. 'तुम्हाला नाही विकत.' ज्याला उधारीवर ट्रकभर माल द्यायला लोक तयार असतात, त्याला हा माणूस हे बोलला. हा डाव मी अजून विसरलेलो नाही.

तरी आईला घेऊन गेलो. काकांनी तिला उंच स्टुलावर बसवलं. पंखा तिच्याकडे वळवला. माझ्याकडे नाही. तिनं बटणाला बोट लावलंच नाही. वांगं किडकं आहे का बघावं तसं मशीन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

"भाऊ, हे कडेचं काय हाय?"

"कुलूप, माय."

"मंग आधी हे सरकवा लागते."

"बस! शेठ, ऐकलं का?"

मी रस्त्याकडे पाहत होतो.

तिनं आवाज कमी केला, बोंडं कानात घातली, बटण दाबलं. थोड्या वेळानं स्टुलावरून लोंबणारा तिचा पाय ताल धरू लागला. माझ्या घरात आल्यापासून तो पाय मी पहिल्यांदा हलताना पाहिला. पण काका कुठले सोडतात? "आता बंद करा. दाबून धरा... सोडू नका... गेला उजेड?"

"गेला."

"आता पुन्हा पहिल्यापासून. मी बोलणार नाही."

तिनं पुन्हा केलं. मग गाणं पुढे नेणं, मागे आणणं, चार्जिंगची तार कुठल्या बाजूनं शिरते, सगळं. तार उलटी घातली तेव्हा मी हात पुढे केला तर काकांनी माझ्या हातावर ते पिवळं फडकं मारलं. "करू द्या त्यांना!" मशीनचे पैसेही त्यांनी माझ्याकडून घेतले नाहीत. मला ते आईच्या हातात द्यायला लावले आणि तिच्याकडून घेतले. वर म्हणतात, "शेठ, स्टूल मोकळं आहे. तुम्ही पण शिकून घेता का?"

मशीन गळ्यात आलं आणि घर बदललं. आई स्वयंपाकघरात येऊन बसू लागली, सुनेला भजनाची ओळ म्हणून दाखवू लागली. मी खूश. पैसे वसूल, असं मनात म्हणालोसुद्धा. पण काकांचा आणखी एक नियम होता. नवी गाणी भरायची तर मशीन वापरणाऱ्यानं स्वतः आणायचं. मी माणसाबरोबर पाठवलं तर तसंच परत आलं. निरोपही आला, "त्यांनाच विचारायचंय, कुठली आवडली नाहीत."

मग आई एकटी लोधीपुऱ्याहून सिंधीपुऱ्याला जाऊ लागली. पहिल्यांदा मी लपून मागे गेलो. तिनं रस्ता चुकून एका कापडवाल्याला विचारलं, परत फिरली आणि बरोबर पोचली. दुकानात काकांनी तिला चहा पाजला. मला कधी पाण्याचंही विचारलं नव्हतं. हळूहळू ती येताना भाजी आणू लागली, भाजीवालीशी भांडू लागली. ते भांडण मी ऐकलं. रक्त माझंच होतं, यात शंका नाही.

आणि एका सकाळी ती दारात उभी. हातात पिशवी, गळ्यात मशीन.

"येते बापू. नऊची मोटर हाय."

"कोणी सांगितलं?"

"त्या भाऊनं. मोटर दाखवून बी दिली काल. म्हने, पाटी वाचता येत नसली तं कंडक्टरले दोनदा विचारजा."

"आई, तुला तिथे एकटीला..."

"जमते आता," ती म्हणाली. हसत म्हणाली, हे सगळ्यात वाईट.

मी थेट सिंधीपुऱ्यात. दुकानात चढलो तो ओरडतच. "तुमचं मशीन परत घ्या! माझी आई घालवलीत तुम्ही!"

काकांनी फडकं खाली ठेवलं. "मशीन बिघडलं का?"

"मशीन नाही, घर बिघडलं माझं!"

"त्याची गॅरंटी मी दिली नव्हती, शेठ."

समोरचा घड्याळवाला हसला. मी त्यालाही दोन शब्द ऐकवले. काकांनी मला ओरडू दिलं. दम लागल्यावर मला त्याच स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "रुसून गेल्या का त्या?"

"नाही."

"रडत?"

"हसत गेली."

"मग माझ्यावर का ओरडता?"

भावाच्या बोलण्यात मी कधी अडलेलो नाही, पण हे भावाचं बोलणं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चहा पाजला. कप अर्धाच भरला होता, तेही सांगून ठेवतो.

सवड नसलेला मी त्याच रविवारी देडतलाईला गेलो. आई देवळाच्या ओट्यावर चार बायकांत बसली होती. मशीन शेजारणीच्या हातात होतं आणि ती घाबरून ते आईला परत देऊ पाहत होती. आई हात मागे घेऊन बसलेली. "मी नाही लावणार. तूच लाव. मोडलं तं मोडलं." माझ्याकडे पाहून तिनं नुसती मान हलवली, थांब म्हणून. मी थांबलो. तेव्हापासून महिन्यातून दोनदा जातो. फोनवरचे सौदे गाडी चालवणाऱ्या माणसाला बोलायला लावतो. तो बरा भाव आणतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. फार आजारी नव्हते. आदल्या आठवड्यापर्यंत दुकान उघडं होतं. मला बाजारात बातमी लागली ती दुसऱ्या दिवशी. ट्रक अर्धा भरलेला तसाच सोडून मी त्यांच्या घरी निघालो. वाटेत विचार करत होतो, आईला कसं सांगावं. फोन तिच्याकडे नाही. गाडी पाठवावी का, एवढ्या उन्हात तिला आणावं का, की दहाव्याला मीच नेऊन आणावं. सगळं ठरवून घरात शिरलो.

आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. काकांच्या बायकोच्या अगदी शेजारी, तिचा हात हातात धरून आई बसली होती. कंडक्टरकडून तिला कळलं होतं. तोही काकांचंच गिऱ्हाईक. पहिल्या मोटरनं आली होती.

तिनं मला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता आला का तू?"

तिथून निघाल्यावर मी रिक्षा बोलावणार होतो. ती चालू लागली होती. लोधीपुऱ्यापर्यंत ती पुढे आणि मी मागे. रस्ता मला विचारावा लागला नाही आणि तिलाही नाही. घरी आल्यावर तिनं पाय धुतले, वरच्या खोलीत गेली, पिशवीतून लुगडी काढली आणि एकेक झटकून खुंटीवर लावली. एका रात्रीसाठी आलेली बाई लुगडी खुंटीवर लावत नाही, एवढं मला कळतं. किती दिवस, हे ओठांवर आलं होतं. खाली जाऊन बायकोला म्हणालो, कणीक जास्त भिजव.